ओढ्याचा रेट

रोहिदासला यातून काय मिळणार होतं ते आधी मांडलेलं बरं, कारण नंतर सगळे म्हणत सुटले की त्याचं डोकं फिरलं होतं. डोकं अजिबात फिरलं नव्हतं. हिशेब चोख होता. फक्त पैसे देणारं कुणी नव्हतं, एवढीच त्यात खोट.

मिळणार होते त्याच्या मते चार कोटी साठ लाख. त्यातून चाकण रस्त्याला पेट्रोल पंप, पंपावर गल्ल्याला मुलगा पिंटू, आणि पिंटूसाठी पंपवाल्याला शोभेल अशी सोयरीक. पण हे सगळं वरवरचं. खरी मिळकत होती बापाची अब्रू. भोकरवाडीत दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्या आबाजीकडे रस्त्याकडची धुळीची जमीन आली आणि रोहिदासच्या बापाने ओढ्याकडची हौसेने मागून घेतली, पाणी जवळ म्हणून. पुढे कंपन्या आल्या, धुळीच्या रस्त्याचा हायवे झाला, आबाजीच्या जमिनीवर तीन गोडाऊन उभी राहिली आणि दर महिन्याला भाडं येऊ लागलं. रोहिदासची कसदार जमीन आधीच संपादनात गेली होती. तिच्या पैशांच्या झाल्या कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या, एक पांढरी मोठी गाडी आणि एक हरलेली पंचायतीची निवडणूक. हातात उरली ओढ्याच्या काठची चिंचोळी पट्टी. सातबाऱ्यावर तिला पोटखराबा म्हणतात: मालकी आपली, उपयोग शून्य.

गावच्या यात्रेत देणगीदारांच्या फलकावर आबाजीचं नाव वर, रोहिदासचं खाली. आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "रोहिदास, तुझ्या बापानं पाणी घेतलं, आबांनी डांबर." रोहिदास हसायचा. हसताना त्याच्या जबड्याचं हाड हलायचं, ते फक्त बायकोला, शालनबाईला दिसायचं.

तर त्या पट्टीला एके दिवशी भाव आला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला सायलेन्सर बनवणारी एक कंपनी आहे. परदेशातली गिऱ्हाइकं हल्ली नुसता नफा-तोटा बघत नाहीत. निसर्गाचं काय खाल्लं आणि काय परत केलं तेही विचारतात. म्हणून कंपनीने हरित ताळेबंद काढायला घेतला आणि ते काम नेहाकडे आलं. नेहा संत तुकाराम नगरात वाढलेली. आजोबा धोंडीबा पिंपरीच्या कंपनीत लेथवर उभे राहून रिटायर झाले. नात वातानुकूलित खोलीत बसून ओढ्याची किंमत काढू लागली. ओढा पाणी जिरवतो, पूर अडवतो, काठची झाडं धूळ खातात, पाखरांना जागा देतात. हे सगळं विकत घ्यायचं झालं तर केवढ्याला पडेल, याची तिने बेरीज मारली. ती चार कोटी साठ लाख निघाली.

कंपनीने ती बेरीज फेसबुकवर टाकली. वर खंड्या पक्ष्याचा फोटो, खाली प्रश्न: "तुमच्या मते या ओढ्याचं मोल किती? कमेंट करा."

लोकांना विचारलं की लोक सांगतात. कोथरूडच्या एका बाईंनी लिहिलं, निसर्ग अनमोल आहे. एकाने लिहिलं, आधी चिमणी बंद करा, मग पाखरं मोजा. मोशीच्या एका सोसायटीतल्या गृहस्थाने लिहिलं की हा ओढा नसून गटार आहे, वास आमच्या बाल्कनीत येतो आणि मेंटेनन्स आम्ही भरतो. कुणीतरी आयटीआय फिटर झालेल्या भावासाठी नोकरी मागितली. आणि त्याच्याखाली रोहिदासची कमेंट आली: "रेट कमी आहे. रस्त्याला गेलेल्यांना यापेक्षा जास्त भेटला. शेतकऱ्याला फसवू नये."

शहरातले लोक यावर खूप हसले, पण रोहिदासला हसायचं काही कारण नव्हतं. या पट्ट्यात जमिनीच्या फोटोखाली आकडा छापून आला की मागोमाग चेक येतो, हे त्याने दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी खुंट्या मारतात, मग आकडा सांगतात, मग आपण विरोध करायचा, मग आकडा वाढतो, मग सही. पहिल्या आकड्याला हो म्हणणारा माणूस भोकरवाडीत जन्मलेला नाही. कुणी फुकटच किंमत काढील, नुसती माहिती म्हणून, हे त्याला सांगून पटलं नसतं. दुकानात जाऊन भाव विचारावा आणि दुकानदाराने म्हणावं, विकायचं नाही, नुसतं मोजून ठेवलंय, असला तो प्रकार.

त्याने विरोध उभारला. पिंटू तेवीस वर्षांचा, दंड भरलेले, दाढी कोरलेली. गावातल्या जिमची सगळी पोरं त्याच्या शब्दात. त्याने ग्रुपवर टाकलं: सगळ्यांनी एकच आकडा टाका, आठ कोटी. संध्याकाळपर्यंत पोस्टखाली आठ कोटींची रांग लागली. अनमोल म्हणणाऱ्या बाईंना एकाने विचारलं, "काकू, अनमोल म्हणजे फुकट का? मग तुमचा फ्लॅटपण अनमोल करा." बाल्कनीवाल्याला पिंटूने फक्त एवढंच लिहिलं, "बिल्डिंगचं नाव सांगा साहेब."

त्याने सांगितलं नाही, पण प्रोफाइलवर वास्तुशांतीचे फोटो होते. दुसऱ्या दिवशी तो गाडी बाहेर काढताना तिघं गेटवर उभे होते. पिंटूने त्याची कॉलर धरून त्याचं तोंड त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर आपटलं, नाक फुटेपर्यंत. वॉचमन खुर्चीवरून उठला आणि परत बसला.

"ओढा हाय का गटार?" पिंटूने विचारलं.

"ओढा," तो गृहस्थ रक्त गिळत म्हणाला.

"मग तसं लिहा की."

त्याने लिहिलं. जनमत असं बनत गेलं.

कंपनीच्या ऑफिसात कुणाला नाकाचा पत्ता नव्हता. तिथे फक्त कमेंट मोजल्या जात होत्या आणि त्या कधी नव्हे इतक्या आल्या होत्या. मोठे साहेब म्हणाले की याला लोकसहभाग म्हणतात, ताळेबंदात त्याचाही रकाना आहे. लोकांनी सांगितलेल्या आकड्यांची सरासरी काढा आणि धरा. दुसरी पोस्ट आली: "तुमच्या मतांचा आदर करून भोकरवाडीच्या ओढ्याचं मोल आता सात कोटी नव्वद लाख."

गावात फटाके वाजले. कंपनी तीन कोटींनी वर सरकली म्हणजे सौदा चालू आहे, याची आता लहान पोरालाही खात्री झाली. रोहिदासने पेढे वाटले, आबाजीच्या घरी मुद्दाम दोन पुडे पाठवले.

पेढे खाऊन आबाजीचा मुलगा अजिंक्य मोबाइल उघडून बसला. तिशीचा, गोडाऊनची भाडी वसूल करणारा, बापापेक्षा शांत. त्याने पोस्टमधला तक्ता मोठा करून पाहिला. त्यात लिहिलं होतं की सात कोटी नव्वदपैकी निम्म्याहून जास्त मोल बांधावरच्या झाडांचं आहे: तीन करंज, एक जांभूळ, एक उंबर. बांध म्हणजे आबाजीची जमीन संपते आणि रोहिदासची पट्टी सुरू होते ती हद्द. अजिंक्यने कमेंट टाकली: "झाडं आमच्या बांधावर आहेत. माहितीसाठी."

सकाळी चहाच्या टपरीवर गाठ पडली.

"बांध तुझा कदीपासनं झाला रं?" रोहिदास बसल्याजागी म्हणाला.

"आज्यानं करंज लावलं तवापासनं, दादा."

"आज्या दोघांचा व्हता."

"व्हय की. पण झाडं वरच्या अंगाला हायती. तुमच्या वडलांनी पाणी मागून घेतलं ना, मग पाण्याचं घ्या. मॅडमनी पाण्याचाबी रेट लावलाय."

टपरीवर हशा पिकला. रोहिदासच्या जबड्याचं हाड हललं. पिंटू उठला, टपरीवाल्याच्या स्टोव्हवरचं पातेलं फडक्याने उचललं आणि उकळता चहा अजिंक्यच्या छातीवर फेकला. शर्ट कातडीला चिकटला. अजिंक्यने पिंटूचे केस धरले आणि त्याचं तोंड टपरीच्या पत्र्याच्या कडेवर हाणलं, एकदा, दोनदा. पिंटूचे पुढचे दोन दात चहाच्या ओघळात पडले. रोहिदासने बाकडं उचलून अजिंक्यच्या पाठीत घातलं. लोकांनी सोडवलं, म्हणजे आधी शूटिंग केलं, मग सोडवलं.

टपरीवाल्याचं दूध, पातेलं आणि बाकडं गेलं. ते कुणी भरून दिलं नाही.

शूटिंग कंपनीच्या पोस्टखालीही येऊन पडलं. "चेक कधी?" अशा कमेंटही वाढल्या होत्या. नेहाने त्या वाचल्या. आपण केलेली बेरीज लोक कशी वाचतायत ते तिला तेव्हा कळलं. साहेब म्हणाले, उत्तर देऊ नको, थंड होईल. तिने ऐकलं नाही. कंपनीची गाडी घेऊन ती भोकरवाडीला गेली आणि थेट रोहिदासच्या ओट्यावर जाऊन बसली. शालनबाईने पाणी दिलं, चहा टाकला.

"काका, मी सरळ सांगते. हे पैसे कुणीच कुणाला देणार नाहीये. ओढा नसता तर सगळं केवढ्याला पडलं असतं, त्याचा तो अंदाज आहे."

"म्हंजे देणार किती?"

"काहीच नाही."

रोहिदासने पाय वर घेतले. "मॅडम, शून्यापासनं सुरवात करू नका. आमी जमिनी देऊन बसलेली माणसं हाय."

"मी भाव करत नाहीये, काका."

"मग पहिल्यांदा चार साठ आन् नंतर सात नव्वद कसं झालं? आमी बोललो म्हणून वाढलं का न्हाई?"

ते खरंच तसंच वाढलं होतं. नेहा म्हणाली, "तो रकाना मला मान्य नव्हता."

"बगा. मान्य नसताना वाढलं." रोहिदास खूष झाला. "आडनाव काय म्हणालात तुमी?"

तिने सांगितलं.

"कुठल्या?"

"संत तुकाराम नगर."

"ते झालं. मूळच्या कुठल्या?"

नेहाने कप खाली ठेवला. या प्रश्नाच्या पायऱ्या तिला शाळेपासून पाठ होत्या आणि शेवटची पायरी कोणती तेही. "काका, मी ओढ्याबद्दल बोलायला आलेय."

आत बाजेवर सुजलेल्या तोंडाने पिंटू पडला होता, तो बाहेर आला. दात गेल्यामुळे शब्दांतून हवा निसटत होती. "आबांनी किती दिले हिला? इचारा की. आमचा रेट पाडायला पाठवलीय."

"कुणी पाठवलं नाही मला."

"तुमच्यातल्यांना आमच्या जमिनीचा भाव ठरवायला बशिवलंय, ह्येच चुकलं," पिंटू म्हणाला आणि ओट्याच्या कोपऱ्यातला गज उचलून तिच्या गाडीकडे निघाला. पहिल्या घावाला पुढची काच जाळी झाली, दुसऱ्याला आत कोसळली. ड्रायव्हर हात आडवा धरून उतरत होता; तिसरा घाव त्याच्या हातावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. शालनबाई धावली, तिने पोराचं मनगट धरलं. पिंटूने आईला ढकललं, ती तुळशीकट्ट्यावर जाऊन आदळली.

ती तशीच उठली. नेहा ड्रायव्हरला मागच्या सीटवर बसवून स्वतः गाडी वळवत होती, मांडीवर काचा. शालनबाई खिडकीशी वाकली.

"बाई, खरंच कुणी देणार न्हाई?"

"नाही, काकू."

शालनबाईने मान हलवली. भोकरवाडीत त्या वाक्यावर विश्वास ठेवणारी ती एकटी. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलंही, "अहो, ती पोरगी खोटं बोलत नव्हती." रोहिदासने ताट भिंतीवर मारलं.

पिंटूने नेहाचा फोटो टाकला, वर लिहिलं, ही मॅडम शेतकऱ्यांचा रेट पाडते. पुढचे दोन दिवस तिच्या फोनवर जे येत राहिलं त्यात ओढ्याचा उल्लेख कमी आणि तिच्या जातीचा आणि अंगाचा जास्त होता. तिने पोलिसात तक्रार दिली. कंपनीने सांगितलं की तक्रार तुझी वैयक्तिक, कंपनीचं नाव नको.

इकडे रोहिदासने खासगी मोजणीवाला आणला. दोन्ही घरं बांधावर हजर, मागे निम्मं गाव. मोजणीवाल्याने तिवईवर यंत्र लावलं, चुना टाकत गेला. चुन्याची रेघ झाडांच्या खालून गेली, हातभर अंतर सोडून. पाचही झाडं आबाजीच्या बाजूला. उंबराची दोन-चार मुळं तेवढी रेघ ओलांडून रोहिदासच्या पट्टीत उतरली होती.

आबाजी काठी टेकून उभे होते. ऐंशीला आलेले, नजर अजून बारीक. त्यांनी रेघ पाहिली, पुतण्या पाहिला, आणि गावाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मुळं तुझी घे रोहिदासा. आन् तुझा बाप आसता तर त्यानं सावली मागून घेतली आसती."

गाव हसलं. आबाजीही हसले. म्हाताऱ्याला वाटलं, एक टोमणा मारला. त्याची किंमत काय लागेल हे त्यांनी मोजलं नव्हतं. आयुष्यभर ते असलं काही फुकटच बोलत आले होते.

रोहिदास घरी आला आणि त्याने तक्ता पुन्हा उघडला. तो ताळेबंद त्याच्याइतका बारकाईने कंपनीत कुणी वाचला नसेल. झाडांचं मोल निम्म्याहून जास्त, ते आबाजीचं. उरलं पाणी आणि काठ, ते आपलं. झाडंच नसली तर? तर आबाजीचं मोल शून्य. मग कंपनीला सौदा करायचा तर एकाच दारात यावं लागेल. आकडा खाली येईल, येऊ दे. पण यात्रेच्या फलकावर बापाचं नाव वर जाईल. शालनबाईने विचारलं, कसला विचार चाललाय. तो म्हणाला, तुला हिशेब कळत नाही.

सकाळच्या शिफ्टच्या बसेस हायवेवरून जात होत्या तेव्हा बांधावर मशीन सुरू झालं. झाडं कापायचं पेट्रोलचं मशीन, भाड्याने आणलेलं, सोबत ते चालवणारा एक माणूस. पिंटूने लाइव्ह सुरू केलं. त्याने वर नाव दिलं, "आमच्या हद्दीतलं अतिक्रमण हटाव", आणि मोबाइल एका हातात उंच धरून तो झाडांसमोरून फिरू लागला. जांभूळ आधी पडलं. पडताना त्याने एका करंजाची फांदी सोबत नेली. मग करंज, मग दुसरा. चालवणारा माणूस म्हणाला, "मालक, परवानगी हाय ना?" रोहिदासने त्याच्या हातातून मशीन घेतलं आणि तिसऱ्या करंजाला स्वतः लावलं.

लाइव्हवर माणसं जमली. आधी गावातली, मग शहरातली. कमेंट वर सरकत होत्या. झाडं का तोडताय. कुणी वनखात्याला टॅग करा. जांभूळ किती जुनं असेल हो, डोळ्यांत पाणी आलं. हातपाय तोडा यांचे. त्या कमेंटला सगळ्यांत जास्त बदाम मिळाले.

अजिंक्य बुलेटवर आला. मागे गोडाऊनवरची दोन पोरं दुसऱ्या गाडीवर. त्याच्या छातीवरच्या फोडांची खपली अजून ओली होती, शर्टाची बटणं उघडी. हातात ऊसतोडीचा कोयता.

"दादा, मशीन बंद कर."

रोहिदासने ऐकलं नाही, किंवा आवाजात ऐकू आलं नाही. करंज कलला आणि आबाजीच्या शेताकडे झोपला. रोहिदास मशीन घेऊन उंबराकडे वळला.

"दादा, शेवटचं सांगतो."

"तुझ्या बापाला सावली पायजे व्हती ना," रोहिदास म्हणाला. "घे म्हणावं आता."

अजिंक्यने कोयता उचलला तो रोहिदासच्या खांद्यासाठी. पिंटू मधे आला. मोबाइल तसाच धरलेला, दुसरा हात अजिंक्यच्या छातीला लावायला पुढे. कोयता त्याच्या मानेच्या मुळाशी बसला आणि हाडात अडकला. अजिंक्यने तो ओढला. रक्त पिचकारीसारखं त्याच्या उघड्या छातीवर उडालं. पिंटू दोन पावलं चालला, माणूस काही विसरल्यासारखं वळतो तसा वळला आणि गुडघ्यावर बसला. तोंडाची फट उघडी होती, पण आवाज मानेतून येत होता.

रोहिदासच्या हातात मशीन चालूच होतं. ते त्याने अजिंक्यच्या डाव्या मांडीत घातलं. साखळी कापड ओढत, मांस ओढत आत गेली आणि हाडावर कण्हली. अजिंक्य पडला. रोहिदासने ते तसंच दाबून धरलं, चालवणाऱ्या माणसाने मागून लाथ मारून त्याला पाडेपर्यंत. गोडाऊनच्या पोरांनी पडलेल्या रोहिदासच्या डोक्यात दगड घातला, मग त्यांना रक्ताचा ओघळ चुन्याच्या रेघेवरून जाताना दिसला, आणि ती गाडी टाकून पळाली.

आबाजी बांधाच्या वरच्या टोकाला पोहोचले होते. ते खाली बसले. शालनबाई ओढ्याच्या बाजूने धावत आली आणि पदराचा बोळा पोराच्या मानेत कोंबू लागली. बोळा लाल झाला, तिने दुसरा हात कोंबला.

"मामंजी, गाडी बोलवा," ती आबाजींकडे बघून म्हणाली. ते उठले नाहीत.

पिंटूचा मोबाइल गवतात पालथा पडून पुन्हा उताणा झाला होता. त्याच्या कॅमेऱ्यातून आता फक्त उंबर दिसत होता आणि फांद्यांमधलं आभाळ. आवाज येत होता रोहिदासचा, "पिंट्या, ए पिंट्या." बघणारे हजारावर गेले होते. कमेंट येतच होत्या: शेवटचं झाड तरी वाचलं, देवाचे आभार.

पांढऱ्या गाडीत पिंटूला घातलं. चाकण चौकात बसेस आणि कंटेनर एकमेकांत अडकले होते. हॉर्न वाजवून काही हललं नाही. शालनबाईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं; त्याच्या मानेतला आवाज थांबला तेव्हा तिने गाडी चालवणाऱ्याला सांगितलं, "आता सावकाश घे."

त्या आठवड्यात भोकरवाडी सगळ्या मोबाइलवर होती. रक्ताचा भाग धूसर करून झाडं पडतानाचा भाग लोकांनी एकमेकांना पाठवला. कुणी कविता केल्या. मोशीच्या सोसायट्यांनी चार झाडांसाठी मेणबत्त्या लावल्या. त्यात पिंटूचं नाव कुणी घेतलं नाही, कारण तो झाडं तोडणारा होता. अजिंक्यला मात्र काहींनी वृक्षरक्षक म्हटलं. त्याचा पाय मांडीपासून कापून काढल्याची बातमी त्याखाली आली तेव्हा त्यावर दुःखी चेहऱ्यांचे ठसे पडले, आणि लगेच दुसऱ्या कुठल्या तरी टेकडीचा विषय आला.

कंपनीने ताळेबंद दुरुस्त केला. झाडांचं मोल वजा करून ओढा तीन कोटी काही लाखांवर आला. फरक "नैसर्गिक घट" या रकान्यात लिहिला. काळ्या-पांढऱ्या फोटोची एक पोस्ट टाकली आणि पन्नास रोपं लावण्याचं जाहीर केलं. लोकसहभागाचा रकाना त्या वर्षी सगळ्यांत भरगच्च निघाला. परदेशच्या गिऱ्हाइकाने त्याबद्दल शाबासकी दिली.

आता कुणी काय भरलं ते. कंपनीने रोपांचे पैसे भरले, तेही जाहिरातीच्या खात्यातून. कमेंट करणाऱ्यांनी काही भरलं नाही. नेहाने नोकरी भरली: पोलिसांपुढे जबाब देताना ती सगळं खरं बोलली आणि त्यात तो सरासरीचा रकानाही आला, म्हणून तिच्याकडे राजीनामा मागितला गेला. आता ती भोसरीत एका छोट्या वर्कशॉपची जीएसटीची कामं बघते. ड्रायव्हरचा हात सरळ होत नाही. तो हातही कुठल्या रकान्यात नाही. आबाजींनी एक गोडाऊन मुलाच्या पायापायी विकलं आणि दुसरं त्याच्या वकिलापायी. खुनाच्या खटल्याला अजिंक्य कुबड्यांवर उभा राहतो. पिंटूचा जीव गेला. रोहिदास आत आहे, जीवघेण्या हल्ल्याच्या कलमाखाली, आणि भेटायला आलेल्या शालनबाईला विचारतो की कंपनीकडून कुणी आलं होतं का.

ती नाही म्हणते. खोल्यांचं भाडं वकिलाला जातं. ते कमी पडलं तेव्हा तिने गाडी विकली, मग ओढ्याकाठची पट्टी. घेणाऱ्याने पोटखराब्याचा भाव लावला. तिने घासाघीस केली नाही. ते पैसेही पुरले नाहीत, तेव्हा वकिलाचे उरलेले तिने हातातल्या पाटल्या मोडून भरले.